उन्हाळी टोमॅटोला साधी वाइनच का मानवते?

एका पेल्यात ओकच्या नव्या पिंपात मुरलेली, गडद रंगाची महाग तांबडी वाइन आणि दुसऱ्यात पोर्तुगालमधील चार-पाच युरोंची पांढरी वाइन, विन्यो व्हेर्दे, घ्यावी आणि मधे भर उन्हाळ्यात वेलीवरच पिकलेला एक टोमॅटो चिरून ठेवावा. आधी दोन्ही वाइनचा एकेक घोट घेतला, तर तांबडीची बाजू निर्विवादपणे वरचढ ठरते. मग मीठ न लावता टोमॅटोची एक फोड खावी आणि पुन्हा एकेक घोट घ्यावा. तांबडी आता कडवट आणि कोरडी लागते, काहींना तर तिच्यात धातूची चव जाणवते. विन्यो व्हेर्दे मात्र मघाशी होती तशीच, किंबहुना थोडी गोडसर लागते. हा उलटफेर जिभेचा लहरीपणा नव्हे, त्यामागे सरळ रसायनशास्त्र आहे. आणि ज्या कारणांमुळे एखादी वाइन स्वस्त पडते, नेमकी तीच कारणे तिला टोमॅटोच्या जोडीला बसवतात.

वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येनुसार टोमॅटो आणि द्राक्ष ही दोन्ही मृदुफळेच, पण त्यांच्या आंबटपणाची घडण वेगळी आहे. टोमॅटोत मुख्यतः सायट्रिक आम्ल असते आणि त्याच्या जोडीला थोडे मॅलिक आम्ल. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक आम्लांचे राज्य असते. टोमॅटोचा पीएच (हा आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ४.० ते ४.६ आणि वाइनचा बहुधा ३ ते ३.८, म्हणजे मोजमापाने वाइनच अधिक आम्लधर्मी. तरीही आंबट घासानंतर जीभ त्या आंबटपणाला काही क्षण सरावते आणि पुढच्या घोटातले आम्ल तिला कमी जाणवते. ज्या वाइनमध्ये मुळातच आम्ल बेताचे आहे ती अशा वेळी मिळमिळीत लागते, आणि जिच्यात ते भरपूर आहे ती फक्त थोडी मवाळ होते. म्हणूनच थंड, दमट हवेच्या प्रदेशातल्या, द्राक्षे फार गोड होण्याआधीच तोडून केलेल्या वाइन येथे उपयोगी पडतात. पोर्तुगालच्या वायव्येकडील विन्यो व्हेर्देचे क्षेत्र तसेच आहे. नावातल्या ‘हिरव्या’चा संबंध रंगाशी नाही, तर कोवळेपणाशी आहे.

या क्षेत्राची सीमा कायद्याने आखली गेली ती १९०८ मध्ये. योगायोग असा की त्याच वर्षी टोकियोमध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट हे अमिनो आम्लाचे रूप वेगळे केले आणि त्याच्या भरीव, रश्शासारख्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. खरी अडचण या उमामीचीच आहे. टोमॅटो पिकत जातो तसे त्यातील मुक्त ग्लुटामेट अनेक पटींनी वाढते, आणि ते फळात सर्वत्र सारखे पसरलेले नसते. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात बाहेरच्या मांसल भागापेक्षा तीन-चार पट ग्लुटामेट आढळले. याची पडताळणी घरीही करता येते. चमच्याने नुसता तो गर काढून जिभेवर ठेवावा आणि मग बाहेरची भिंत वेगळी चावून पाहावी. पहिल्यात जवळपास रश्शासारखी भरीव चव लागते, दुसरीत गोडसर पाणी. बिया काढून टाकून टोमॅटो वाढण्याची नाजूक पद्धत दिसायला कितीही सुबक असली, तरी तिच्यात चवीचा सर्वांत मोलाचा भाग ताटाबाहेर जातो.

आता टॅनिन. तांबडी वाइन करताना द्राक्षांचा रस सालींसकट आंबवला जातो आणि साली व बियांमधील टॅनिन त्यात उतरते. पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच पिळून सालींपासून वेगळा केला जातो, म्हणून तिच्यात टॅनिन नगण्य असते. टॅनिनचे रेणू लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचे वंगण कमी होते आणि तोंड आवळून येते. तुरटपणा ही खरे तर चव नसून स्पर्शाची जाणीव आहे. उमामीने भरलेल्या घासानंतर हीच वाइन अधिक कडू आणि अधिक तुरट वाटते, तिच्यातला फळांचा वास मागे सरतो, हा चवपरीक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे.

येथे पैशांचा हिशेब आत येतो. बोर्दो पद्धतीचे ओकचे पिंप २२५ लिटरचे असते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्यांचे. नव्या फ्रेंच पिंपाला कित्येक शे युरो मोजावे लागतात, त्यामुळे एकेका बाटलीवर केवळ लाकडापोटीच दोन-तीन युरोंचा भार पडतो. शिवाय वाइन वर्ष-दीड वर्ष तळघरात अडकून राहते, तो खर्च वेगळा. दहा युरोंच्या आत विकायच्या बाटलीला हे परवडणारे नाही. ती पोलादी टाकीत आंबते, पुढच्या वसंतात बाटलीत भरली जाते आणि उन्हाळ्यात टेबलावर येते. लाकडाचे टॅनिन नाही, व्हॅनिलासारखा गोडसर वास नाही, मुरवणे नाही. राहते ते आम्ल आणि ताज्या फळाचा वास. टोमॅटोला याहून अधिक काही नकोच असते.

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या मुखाजवळ होणारी मुस्कादे हे याचे उत्तम उदाहरण. तिचे द्राक्ष, मेलों द बुर्गोन्य, स्वभावतः फारसे वासाचे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक उत्पादक वाइन हिवाळाभर मृत यीस्टच्या गाळावरच ठेवतात. त्या पेशी हळूहळू विघटित होतात आणि त्यांच्यातील अमिनो आम्ले वाइनमध्ये मिसळून तिला थोडा भरीवपणा देतात. दक्षिण फ्रान्समधील लांगदोकच्या किनाऱ्यावरची पिकपूल द पिने आम्लाच्या जोरावर टिकते. तांबडीच हवी असेल, तर इटलीतील पिमाँतेची साधी, ओक न लागलेली बार्बेरा घ्यावी, कारण या द्राक्षात आम्ल भरपूर आणि टॅनिन कमी, असा तांबड्यांमध्ये विरळा मेळ आहे. माझे मत विचाराल तर टोमॅटोपुढे ती कित्येक नामवंत बाटल्यांना मागे टाकते.

वासाच्या बाबतीत मात्र लुआरच्या मधल्या खोऱ्यातील तुरेनची सोव्हिन्यों ब्लां सर्वांत मजेदार. टोमॅटोच्या रोपाला हात लावल्यावर बोटांना जो हिरवा, उग्र वास चिकटतो, त्याच्याशी या वाइनच्या वासाचे जवळचे नाते आहे. परीक्षक तिचे वर्णन करताना ‘टोमॅटोचे पान’ हा शब्दप्रयोग सर्रास करतात. वाइनमधल्या हिरवेपणाला मुख्यतः मेथॉक्सिपायराझिन नावाची संयुगे कारणीभूत असतात, आणि ती एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढी असली तरी नाकाला कळतात. टोमॅटोचा हिरवा वास वेगळ्या वाटेने येतो. सुरी चालताच पेशी फुटतात, विकरे (एन्झाइम) मेदाम्लांवर तुटून पडतात आणि हेक्झेनालसारखी गवताच्या वासाची संयुगे जागच्या जागी तयार होतात. म्हणून टोमॅटो घोट घेण्याच्या जरा आधीच चिरावा.

आणि तो फ्रिजमध्ये ठेवू नये. सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली टोमॅटोची वास तयार करणारी यंत्रणा मंदावते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५ अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोंमधील संबंधित जनुके दबलेली आढळली आणि नंतर उबेत आणूनही गेलेला वास पुरता परतला नाही. पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर आणि टोमॅटो खोलीच्या तापमानाला, एवढी तफावत चालते.

राहिला मिठाचा प्रश्न, जो सुरुवातीला मुद्दाम बाजूला ठेवला होता. सोडियम कडूपणाची जाणीव दाबते, हे १९९७ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. त्याच टोमॅटोच्या दुसऱ्या फोडीवर चिमूटभर मीठ भुरभुरावे, दोन मिनिटे थांबून सुटलेल्या रसासकट ती खावी आणि मग त्या महागड्या तांबडीकडे परत यावे. कडवटपणा बराच ओसरलेला असतो. विन्यो व्हेर्देचा पेला मात्र तोवर बहुधा रिकामा झालेला असतो.