प्रिन्स्टन रिव्हर्ब की डिलक्स रिव्हर्ब: छोट्या गिगला कुठला न्यायचा?

काळी पट्टी, चंदेरी जाळी, पांढऱ्या आकड्यांची काळी बटणं आणि उजव्या टोकाला लाल भिंगाचा दिवा. फेंडर कंपनीचे, गिटारचा आवाज मोठा करणारे हे दोन ट्यूब अ‍ॅम्प लांबून पाहिले तर सख्खे भाऊ. डिलक्स रिव्हर्ब १९६३ चा, प्रिन्स्टन रिव्हर्ब १९६४ चा. आज नवे मिळतात ते त्याच काळच्या नमुन्यावर पुन्हा काढलेले. दोघांच्या पोटात ६व्ही६ या पॉवर ट्यूबची, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या काचेच्या नळ्यांची, एकेक जोडी. कागदावर प्रिन्स्टन १२ वॅटचा आणि डिलक्स २२ वॅटचा. त्यावरून आपल्याकडे ठरूनच गेलंय की प्रिन्स्टन घरी वाजवायचा आणि गिगसाठी, म्हणजे लोकांसमोरच्या कार्यक्रमासाठी, डिलक्स घ्यायचा, कारण त्याचा आवाज जवळजवळ दुप्पट.

तसा तो नसतो. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनं चढतो. १२ वरून २२ वर गेलात तर हाती लागतात अडीच डेसिबलपेक्षा किंचित जास्त. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. अडीच डेसिबल तर स्पीकर बदलूनही मिळतात: तेवढ्याच वॅटला एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा तीन-चार डेसिबल जास्त बोलतो. हा आकडा अ‍ॅम्पच्या जाहिरातीत कधी ठळक नसतो, आणि आपणही विचारत नाही.

खरा फरक आहे तो आवाज फाटतो कुठे, यात. अ‍ॅम्पच्या मागे वाकून ट्यूब मोजा. प्रिन्स्टनमध्ये सात, डिलक्समध्ये नऊ. पॉवर ट्यूबची जोडी लाकूड कापायच्या मोठ्या करवतीसारखी चालते, दोन टोकांना दोघं, एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. त्यासाठी गिटारच्या सिग्नलच्या एकमेकींच्या उलट अशा दोन प्रती कराव्या लागतात. डिलक्समध्ये या कामाला एक अख्खी ट्यूब दिली आहे. प्रिन्स्टनमध्ये अर्ध्यावर भागवलंय. त्याच ट्यूबचा उरलेला अर्धा भाग ट्रेमोलो, म्हणजे आवाज लाटेसारखा कमीजास्त करणारी सोय, चालवतो. शिवाय प्रिन्स्टनचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा) लहान आणि स्पीकर १० इंची. डिलक्सचा १२ इंची. त्यामुळे बटण चढवत गेलं की प्रिन्स्टनचा खर्ज आधी मऊ पडतो, मग सगळाच आवाज फाटायला लागतो. डिलक्स त्याच जागी अजून स्वच्छ असतो.

हे मला कळलं ते एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर. चाळीसेक खुर्च्या, अ‍ॅम्पला माइक नाही, आणि कहोन (बसून हातानं वाजवायची लाकडी पेटी) येणार म्हणून सांगितलं होतं तिथे आमचा ड्रमर अख्खा सेट घेऊन आला. पहिल्या गाण्याला प्रिन्स्टनचं आवाजाचं बटण चारवर होतं, तिसऱ्याला सातवर. सोलो झकास वाजत होते, पण मागे वाजवायचे साधे कॉर्ड कुरकुरीत भज्यांसारखे यायला लागले. मध्यंतरात अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला आणि थोडा मागे कलता केला. तोवर त्याचा सगळा आवाज माझ्या पोटऱ्यांना ऐकू जात होता. मग पाचावर भागलं. एक वॅटही न वाढवता.

उलट चूकही मी केली आहे. तशाच छोट्या जागी, ड्रम नसताना, डिलक्स नेला. तो मजा देतो पाचाच्या आसपास, आणि तिथवर नेला की पहिल्या रांगेतली माणसं खुर्च्या मागे सरकवतात. तिनावर ठेवला तर आवाज स्वच्छ, पण नुसताच स्वच्छ.

म्हणून अ‍ॅम्प निवडताना ‘जागा केवढी’ याआधी ‘ड्रम आहेत का, आणि अ‍ॅम्पला माइक मिळणार का’ हे विचारा. माइक असेल तर लोकांपर्यंत आवाज पोचवणं साउंडवाल्याचं काम. अ‍ॅम्पनं फक्त चांगलं वाजायचं. तिथे मी डोळे मिटून प्रिन्स्टन नेईन. माइक नाही आणि ड्रम आहेत, तर डिलक्स. जॅझ वाजवणाऱ्यांनी आणि पेडलांवर (आवाजाचा रंग बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या डब्यांवर) मदार असलेल्यांनीही डिलक्सच घ्यावा, कारण पेडलला खाली स्वच्छ जमीन लागते. हंबकरवाली गिटार असेल (तारांचा आवाज टिपणारा हा दोन वेटोळ्यांचा पिकअप, सिंगल कॉइल एका वेटोळ्याचा) तर दोन्ही अ‍ॅम्प सिंगल कॉइलच्या मानानं लवकर फाटतात, हे धरून चाला.

ट्रेमोलोबद्दल जाता जाता. डिलक्सच्या एका चॅनेलवर ‘व्हायब्रेटो’ असं छापलंय, ते चूक आहे. व्हायब्रेटोत सूर हलतो, आपल्या आंदोलनासारखा. इथे सूर जागेवरच असतो, कमीजास्त होतो तो आवाज. डिलक्समध्ये हे काम लुकलुकणारा दिवा आणि उजेड ओळखणारा एक भाग मिळून करतात, म्हणून लाट जरा कापल्यासारखी येते. प्रिन्स्टन थेट पॉवर ट्यूबच हेलकावतो. तो झोका मला जास्त आवडतो.

कुठलाही घ्या, स्पीकरची वायर काढून चालू करू नका. ट्यूब अ‍ॅम्पला भार नसला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि अमेरिकेतल्या मामेभावाकडून मागवणार असाल तर मागची पाटी आधी वाचा. तिथला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा, आपली वीज २३० ची. प्लगचा आकार बदलणारं अ‍ॅडॉप्टर व्होल्ट बदलत नाही. माझ्या एका मित्रानं ते लावून बटण दाबलं आणि फ्यूज गेला. फ्यूजवरच निभावलं, हे त्याचं नशीब. मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, अर्थिंगसकट.

जिना चढणाऱ्यांसाठी वजनं: प्रिन्स्टन साधारण १५ किलो, डिलक्स १९. माझा प्रिन्स्टन तिकडूनच आलेला, आणि त्याचा स्टेपडाउन भरतो चार किलो.