क्रिसेइस आणि ब्रिसेइस: ग्रीक छावणीतल्या दोघी

ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं ग्रीक महाकाव्य इलियड वाचायला घेतलं की पहिल्याच सर्गात या दोघींची गल्लत होते. नावं जवळपास सारखी, दोघीही लुटीत पकडून आणलेल्या, आणि दोघींवरूनच ग्रीकांचा मोठा योद्धा अकिलीस आणि त्यांचा सेनापती अगामेम्नॉन यांचं भांडण पेटलेलं. खरं तर ही त्यांची स्वतःची नावंही नव्हेत. द्रुपदाची ती द्रौपदी, तशी क्रिसेसची ती क्रिसेइस आणि ब्रिसेउसची ती ब्रिसेइस.

क्रिसेइसला निदान वडील आहेत, अपोलो देवाचे पुजारी. खंडणी घेऊन ते लेकीला सोडवायला येतात. ती माझ्या घरी मागावर बसून, माझी शेज करत म्हातारी होईल, असं अगामेम्नॉन त्या बापाला तोंडावर सुनावतो. मग अपोलोचे बाण नऊ दिवस छावणीवर बरसतात, साथीत माणसं मरतात, आणि ग्रीक सरदार ओडिसियस तिला जहाजाने घरी पोचवतो. ती सुटते. पण या सगळ्यात तिच्या तोंडी एक शब्द नाही.

ब्रिसेइससाठी कोण येणार? तिचं शहर लिर्नेसस पडलं तेव्हा अकिलीसने तिचा नवरा मारला. तिचे तीन सख्खे भाऊही गेले. क्रिसेइसची भरपाई म्हणून अगामेम्नॉन हिला अकिलीसकडून हिसकावतो. दूतांबरोबर ती मनाविरुद्ध गेली, एवढंच होमर सांगतो.

एकोणिसाव्या सर्गात ती परत येते. समोर अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लसचं प्रेत. ती त्याला मिठी मारून छाती, गळा, चेहरा ओरबाडते आणि बोलते, जेमतेम चौदा ओळी. तू मला रडू दिलं नाहीस, म्हणते. अकिलीसशी तुझं रीतसर लग्न लावून देईन म्हणालास. नवऱ्याला मारणाऱ्याशीच लग्न, हा तिथला सगळ्यात प्रेमळ दिलासा! मग इतर बायका रडू लागतात: निमित्त पॅट्रोक्लसचं, दुःख ज्याचं त्याचं. मला तर वाटतं, हे युद्ध बायकांच्या बाजूने सांगू पाहणाऱ्या प्रत्येकाला दार या एका ओळीने उघडून दिलं आहे.

रोमन कवी ओविडने पुढे तिच्या नावे अकिलीसला पत्रच लिहिलं. त्यातले डाग तिच्या आसवांचे. मध्ययुगीन युरोपात मात्र गल्लत पूर्ण झाली. बाराव्या शतकातल्या फ्रेंच काव्यात ती ‘ब्रिसेइदा’ झाली, इटालियन लेखक बोकाचोने तिची ‘क्रिसेइदा’ केली, शेक्सपिअरपर्यंत ‘क्रेसिडा’. बाप, घर, गोष्ट, सगळं बदललं. तीन भाऊ गमावलेल्या बाईचं नाव नव्या गोष्टीतल्या, प्रियकराला फसवणाऱ्या नायिकेला चिकटलं.