युद्धस्मारक

युद्धात कामी आलेल्यांच्या स्मृतीसाठी उभारलेली वास्तू, शिल्प, भिंत किंवा शिला. स्तंभ, कमान व पुतळा हे तिचे प्रकार सर्वपरिचित आहेत.

या स्मारकांच्या प्रारंभाविषयी मतभेद आहेत. सिरियात युफ्रेटीसकाठी तेल बनात येथे असलेला व आता धरणाच्या जलाशयात बुडालेला ‘श्वेत स्मारक’ नावाचा मातीचा उंचवटा हे ज्ञात युद्धस्मारकांपैकी सर्वांत प्राचीन असावे, असे मत २०२१ मध्ये मांडले गेले. त्याची शेवटची बांधणी साधारणतः इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील मानतात. तीत काही मानवी अस्थी गर्दभवर्गीय प्राण्यांच्या कातड्यांसह, तर काही बहुधा गोफणीच्या असलेल्या मातीच्या गोळ्यांसह हेतुपुरस्सर मांडलेल्या आढळल्या. त्यावरून रथी व पदाती सैनिकांचे गट सुचविले गेले असले, तरी हे मृत विजेत्यांचे की पराभूतांचे, हे ठरविता येत नाही. म्हणून लेखी पुराव्याच्या दृष्टीने अथेन्समधील एरेक्थेइस या गणाची नामशिला (इ. स. पू. सु. ४६०, सध्या लूव्ह्र संग्रहालयात) अधिक भरवशाची ठरते. सायप्रस, ईजिप्त, फिनिशिया आदी ठिकाणी एकाच वर्षी पडलेल्यांची नावे तीवर पित्याच्या नावाविना कोरली आहेत.

पहिल्या महायुद्धानंतर नामावलीलाच वास्तूचे रूप आले. बेल्जियममधील ईप्र येथील मेनिन गेट या स्मारक-वेशीवर (१९२७) ५४,००० हून अधिक बेपत्ता सैनिकांची नावे आहेत. तेथेही जागा अपुरी पडल्याने उरलेली सुमारे ३५,००० नावे जवळच्या टाइन कॉट या सैनिकी दफनभूमीत कोरावी लागली. याउलट वास्तुकार एडविन लट्येन्सच्या लंडनमधील सेनोटाफ (रिक्त समाधी) या स्मारकावर (१९२०) एकही नाव वा धर्मचिन्ह नाही. युद्धसमाप्तीनिमित्त १९१९ मध्ये झालेल्या संचलनासाठी लाकूड व प्लास्टर वापरून उभारलेल्या तात्पुरत्या रचनेची ही पोर्टलंड या चुनखडीच्या दगडातील आवृत्ती होय. तिच्या उभ्या कडा वर वाढविल्यास जमिनीपासून सुमारे ३०० मी. उंचीवर एकत्र येतील, तर आडव्या कडा जमिनीखाली सुमारे २७५ मी. खोल केंद्र असलेल्या वर्तुळांचे कंस आहेत. हा बाक प्रथमदर्शनी जाणवत नाही. कोपऱ्याशी उभे राहून कडेवरून नजर नेल्यास तो ओळखता येतो, आणि एरवी बोजड वाटला असता असा दगड इतका हलका का भासतो हेही उमगते.

वॉशिंग्टनमधील व्हिएटनाम स्मारकात (१९८२) माया लिन या वास्तुशिल्पीने काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती जमिनीत उतरत्या ठेवून त्यांवर ५८,००० हून अधिक नावे मृत्यूच्या कालक्रमाने दिली. १९५९ चा आरंभ दोन भिंती मिळतात त्या कोनापासून होतो. नावे पूर्वेच्या टोकापर्यंत जाऊन पश्चिमेच्या टोकाकडून पुन्हा सुरू होतात व १९७५ मध्ये त्याच कोनाशी येऊन थांबतात. नावाशेजारील हिऱ्याच्या आकाराची आकृती मृत्यू निश्चित झाल्याची, तर क्रूस बेपत्ता असल्याची खूण आहे. पुतळा नसल्याबद्दल झालेल्या टीकेमुळे १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचे कांस्यशिल्प बसविण्यात आले. तथापि स्मारकाचा मूळ प्रभाव भिंतीचाच आहे. नावे वर्णानुक्रमे नसल्याने आप्तांना सूचीच्या आधारे शोध घ्यावा लागतो, परंतु एकाच चकमकीत पडलेले सहकारी शेजारी राहतात, हा लाभ मोठा आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात (२०१९) चार समकेंद्री चक्रांची योजना असून नावे त्यागचक्रातील ग्रॅनाइटवर आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर सभागृहे व क्रीडांगणेही स्मारक म्हणून बांधली गेली.