घरात पोर्तुगीज कागद सापडला? जन्मनोंदीचा अर्ज नेमका कुठे अडकतो

"पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा पोर्तुगीज दाखला सापडला. आता पोर्तुगालचा पासपोर्ट किती दिवसांत होईल?" हा प्रश्न मला दर गणपतीला कुणीतरी विचारतंच. विचारणारे बहुतेक सावंतवाडी, वेंगुर्ला, बेळगाव नाहीतर गिरगावातले असतात. घराणं मूळ गोव्यातल्या पेडण्याचं किंवा डिचोलीचं आहे हे आजी गेल्यावर कागद चाळताना कळलेलं असतं. उत्साह समजतो, पण अर्ज परत येतात ते या उत्साहापोटीच. म्हणून जिथे गाडी अडते तिथलंच जास्त लिहितो.

आधी पात्रता. गोवा, दमण किंवा दीव इथे 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेला माणूस जन्माने पोर्तुगीज होता, असं पोर्तुगाल धरतं. पोर्तुगालचा 1981 चा राष्ट्रीयत्व कायदा (क्रमांक 37/81) पोर्तुगीज माणसाच्या परदेशात जन्मलेल्या अपत्यालाही हक्क देतो, फक्त त्याचा जन्म पोर्तुगीज दप्तरात नोंदवावा लागतो. साखळी अशी चढते: आधी आजोबांची नोंद लिस्बनला, मग वडिलांची, मग तुमची. मधली कडी गाळून नातवाने थेट अर्ज केला तर तो वेगळ्याच कलमाखाली जातो आणि तिथे पोर्तुगीज भाषा येते का हेही पाहतात. वडील हयात असतील तर आधी त्यांची नोंद करून घ्या. ते सही करू शकतात तोवर अर्ध्या अडचणी सुटतात.

19 डिसेंबर 1961 ही तारीख दोन्ही बाजूंनी चुकीची वाचली जाते. ती जन्माची सीमा आहे, अर्जाची मुदत नाही. "मुदत कधीच संपली म्हणे" म्हणून गप्प बसलेले लोक मी पाहिलेत, आणि जानेवारी 1962 च्या जन्माचा दाखला घेऊन "तेरा दिवसांनी काय होतंय" म्हणणारेही पाहिलेत. तेरा दिवसांनी सगळंच बदलतं. मग त्या माणसाच्या आईवडिलांपासून सुरुवात करावी लागते.

मुदतीचा हा घोळ बहुधा स्पेनच्या बातम्यांमुळे झालेला आहे. काही घरांत "आमचं मूळ स्पॅनिश" अशी समजूत असते, आणि तिला थोडा आधारही आहे. 1580 ते 1640 या साठ वर्षांत पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचे फिलिप राजे होते, त्यामुळे गोव्याचा कारभारही त्यांच्याच नावाने चाले. आज पणजीत ज्या पुराभिलेखागारात आपण वंशावळ शोधायला जातो, त्याची सुरुवात 1595 ची. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला दप्तरदार, आणि त्याला नेमलं ते फिलिपच्या राजवटीने. त्यामुळे जुन्या कागदावर फिलिपचं नाव दिसलं म्हणून रक्त स्पॅनिश ठरत नाही. त्या काळात पोर्तुगालचे कायदे आणि अधिकारी वेगळेच राहिले होते. स्पेनने सेफार्दी (म्हणजे पूर्वी तिथून हाकलल्या गेलेल्या) ज्यूंच्या वंशजांसाठी 2015 साली उघडलेली खिडकी 1 ऑक्टोबर 2019 ला बंद झाली. स्पॅनिश आजी-आजोबांच्या नातवंडांसाठीची मुदत ऑक्टोबर 2025 मध्ये संपली. या दोन्हींचा गोव्याशी काही संबंध नाही.

स्पेनचा एक धागा मात्र खरा आहे. स्पेनमध्ये राहून नागरिकत्व मागायचं तर भारतीयाला साधारण दहा वर्षं वास्तव्य लागतं. लॅटिन अमेरिका, फिलिपिन्स, इक्वेटोरियल गिनी, अँडोरा आणि पोर्तुगाल इथल्या जन्मजात नागरिकांना मात्र दोनच वर्षं. फिलिपिन्स आणि मेक्सिको स्पेनच्या वसाहती होत्या म्हणून यादीत आहेत, पोर्तुगाल शेजारी म्हणून. गोव्याच्या वाटेने मिळालेलं पोर्तुगीज नागरिकत्व जन्मजात स्वरूपाचं मानलं जातं. म्हणजे माद्रिदला जायचंच असेल तरी वाट पणजी-लिस्बनवरूनच जाते.

सगळ्यात मोठी ठेच: बाळंतपण माहेरी

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आजोबांचं घर डिचोलीत, पण आजोबांच्या आईचं माहेर बांद्याला असेल तर आजोबा जन्मले सावंतवाडी संस्थानात, आणि गोव्याच्या नोंदवहीत त्यांचं नाव कितीही शोधलं तरी सापडणार नाही. घर गोव्यातलं, जमीन गोव्यातली, कुलदेव गोव्यातला, तरी जन्म हद्दीबाहेर. अशा वेळी आणखी एक पिढी वर चढावं लागतं. याच्या उलटही घडतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या सिंधुदुर्गातलं, पण आजोळ पेडण्यात असल्यामुळे आजोबांची जन्मनोंद पोर्तुगीज वहीत निघते. "आमचा गोव्याशी काय संबंध" म्हणणाऱ्या घरांत ही गंमत जास्त होते. म्हणून कुठल्याही कचेरीत जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला एकच विचारा: बाळंतपण कुठल्या गावी झालं?

वहीत नाव शोधताना

गोव्यात सर्वधर्मीयांची नागरी नोंदणी 1914 पासूनची. त्याआधीच्या ख्रिस्ती घरांसाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. हिंदू घरांची गाडी मात्र बहुतेक वेळा 1914 लाच थांबते. नोंद तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळते, जुन्या वह्या पुराभिलेख खात्याकडे. हवी असते ती संपूर्ण मजकुराची नक्कल, जिला गोव्यात सगळे 'तेओर' म्हणतात. आपल्या नगरपालिकेसारखा एका पानाचा छापील इंग्रजी दाखला घेऊन जाऊ नका, तो परत येतो.

तेओर वाचायला मजा येते. पोर्तुगीज नोंदीत मुलाच्या आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावंही लिहिलेली असतात. एका पानात तीन पिढ्या. जे नाव घरात कुणालाच आठवत नव्हतं ते तिथे निवांत बसलेलं असतं.

पण ते पान सापडायला हवं, आणि इथे आडनावं दगा देतात. पोर्तुगीज लेखनिकाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. प्रभू झाला पोरोबो, कामत झाला कामोतिम, शेणवी झाला सिनाय. 'श' साठी एक्स हे अक्षर, इ-एच्या आधीच्या 'क' साठी क्यू-यू, एरवी सी. म्हणून शेट एक्सखाली शोधायचा. के, डब्ल्यू आणि वाय ही अक्षरं पोर्तुगीज लिखाणात जवळपास नव्हतीच, तेव्हा त्या पानांवर वेळ घालवू नका. शिवाय पोर्तुगीज पद्धतीत सूची पहिल्या नावावर लागते. आडनाव घेऊन दिवसभर बसलेल्या आणि रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला हे आधी कुणीच सांगत नाही, खिडकीपलीकडचा कारकून तर नाहीच. साल, गाव आणि पाळण्यातलं नाव, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या.

दोन कागदांत दोन माणसं

नाकारलेल्या अर्जांत मी सगळ्यात जास्त पाहिलेलं कारण हेच. वहीत जन्मतारीख 23 ऑगस्ट, आणि शाळेच्या दाखल्यावर 1 जून. ती 1 जून गुरुजींनी घातलेली, पुढे तीच आधारवर, पासपोर्टवर, पेन्शनच्या पुस्तकावर. गावात अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो याचं आपल्याला हसू येतं, लिस्बनच्या कारकुनाला येत नाही. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.

बायकांचं आणखी कठीण. वहीत शांता, लग्नात नाव बदलून लक्ष्मी, आडनावही बदललेलं, आणि नंतर मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतंच 'आई: लक्ष्मीबाई'. पोर्तुगीज व्यवस्थेत माणूस जन्माच्या नोंदीने ओळखला जातो. आपण बायकांची ती ओळख लग्नाच्या बोहल्यावरच पुसतो आणि साठ वर्षांनी तिचा पुरावा शोधत फिरतो. 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं शंभर रुपयांच्या स्टँपवरचं प्रतिज्ञापत्र आपल्याकडे सगळीकडे चालतं, इथे एकट्या त्यावर भागत नाही. मूळ नोंदीत रीतसर दुरुस्ती करावी लागते किंवा आजचे कागद मूळ नोंदीला जुळवून घ्यावे लागतात. गोव्यात जन्मलेल्यांसाठी नाव-आडनाव बदलाचा 1990 चा वेगळा कायदा आहे, त्याची चौकशी रजिस्ट्रारकडेच करा. आणि कृपा करून नव्वदीच्या आजीचे सगळे कागद बदलायला निघण्याआधी विचार करा की तिची पेन्शन कुठल्या नावावर येते.

यापुढची गाठ लग्नाची. गोव्यात नागरी विवाहाला दोन सह्या लागतात. पहिली इराद्याची, आणि काही दिवसांनी दुसरी पक्की. कित्येक जोडप्यांनी पहिली सही केली, देवळात लग्न लागलं, जेवणावळी झाल्या आणि दुसऱ्या सहीला कुणी गेलंच नाही. कायद्याच्या दृष्टीने लग्न अपुरं. महाराष्ट्रात लागलेल्या जुन्या लग्नांची तर नोंदच नसते. याचा फटका मुलांना बसतो, कारण बाप-लेकाचं नातं मूल सज्ञान होण्याआधी कागदोपत्री सिद्ध झालेलं असावं असा पोर्तुगीज कायद्याचा सर्वसाधारण आग्रह आहे. 1968 सालचा जन्म आणि नोंद 2015 मध्ये कोर्टाच्या हुकमाने, असा दाखला पाहिला की मी आधीच सांगतो: वकिलाला दाखवल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका.

आणि हे कागद नेऊच नका: कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळ, जन्मकुंडली, देवस्थानच्या महाजनांची यादी. वंश शोधायला यांच्यासारखी साधनं नाहीत. पण अर्जाला यांतलं एकही जोडता येत नाही. एक काका कुंडलीचं नोटरी केलेलं भाषांतर घेऊन गेले होते. काकांचा सात्त्विक संताप मी ऐकून घेतला.

बाकीचं सरळ आहे. भारतीय कागदांवर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का), इंग्रजी-मराठी कागदांचं पोर्तुगीज भाषांतर, अर्जावर सही, आणि फाईल लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात. गोव्यापुरतं कामकाज पणजीच्या पोर्तुगीज वाणिज्य दूतावासातून चालतं. नियम आणि शुल्क बदलत असतात, तेव्हा मेव्हण्याने तीन वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म झेरॉक्स करून वापरू नका. नोंद झाली की पोर्तुगीज जन्मदाखला, त्यावर नागरिक ओळखपत्र, मग पासपोर्ट. वाट पाहण्याचा हिशेब महिन्यांत धरू नका, वर्षांत धरा. आणि ब्रिटनला जायचं म्हणून हे करत असाल तर थांबा. पोर्तुगीज पासपोर्टवरची तिथली मुक्त ये-जा 2020 च्या अखेरीस संपली.

भारताच्या बाजूने काय होतं

एजंट हा भाग सांगत नाहीत. 1962 च्या नागरिकत्व आदेशाने गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेले लोक आपसूक भारतीय नागरिक ठरले. पोर्तुगाल म्हणतं ते आमचेही आहेत. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. संविधानाचं कलम 9 आणि नागरिकत्व कायदा 1955 चं कलम 9, दोन्हींचा अर्थ एकच: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं. "नुसती नोंद केली, पासपोर्ट थोडाच घेतलाय" या समजुतीवर लोक निर्धास्त राहतात आणि मतदानही करत राहतात. याच मुद्द्यावर गोव्यात लोकप्रतिनिधींची पदंही वादात सापडली आहेत. नोंदीचा अर्ज भरण्याआधीच याचा निर्णय घ्या.

पोर्तुगीज नागरिकत्व आल्यावर भारतीय पासपोर्ट परत करून सरेंडर प्रमाणपत्र घ्यायचं, त्यावर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते. मध्यंतरी अनेक गोवेकरांचे पासपोर्ट परत घेण्याऐवजी रद्दच केले गेले, तेव्हा सरेंडर प्रमाणपत्र मिळेना आणि ओसीआयही अडलं. 2024 मध्ये केंद्राने रद्द केल्याचं प्रमाणपत्र चालेल असं सांगून थोडी वाट मोकळी केली. पण ज्यांचे नातेवाईक त्या काळात इकडे आजारी पडले, त्यांना विचारा काय हाल झाले.

ओसीआयवाल्याला मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. तेव्हा वडिलोपार्जित जमिनीचं वाटप आणि सातबाऱ्यावरची नावं लावणं राहिलं असेल तर ते आधी उरका. बहिणीकडून किंवा भावकीतून तिचा वाटा विकत घ्यायचा बेत असेल तर तोही. पासपोर्ट हातात आल्यावर तलाठ्याकडे गेलेले लोक मला ठाऊक आहेत. ते अजून तलाठ्याकडेच जातायत.