परकी पाळत आणि सत्तेची पत

बलाढ्य देश दुसऱ्यांच्या जहाजांवर, पत्रांवर, फोनवर किंवा डेटावर लक्ष ठेवतो आणि ते उघड झालं की बाहेरच्या लोकांत त्याच्याबद्दल काय मत होतं, त्याविषयी ही नोंद. हेरगिरी म्हणजे काय हे सगळ्यांना माहितीच आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. आधुनिक अभ्यास बहुतेक अमेरिकेभोवती फिरतो. पण कोकण किनाऱ्यावर याचा जुना आणि चांगला नोंदलेला दाखला आहे, तो म्हणजे पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणून आधी तो.

कार्ताझ म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना. शब्दाच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत असं की अरबी ‘किर्तास’ म्हणजे कागद, त्यावरून पोर्तुगीजांनी घेतला, आणि किर्तासच्या मागे ग्रीक ‘खार्तेस’ आहे. दुसरं मत, की पोर्तुगीज ‘कार्ता’ म्हणजे पत्र, त्याचंच हे रूप. कार्ताचं मूळसुद्धा लॅटिनमार्गे त्याच ग्रीक शब्दापाशी जातं, म्हणजे वाद आहे तो शब्द कुठल्या वाटेने आला एवढाच. हिंदी महासागरातल्या व्यापाराची भाषा त्या काळी बरीचशी अरबी-फारसी होती हे धरलं तर पहिलं मत जास्त पटतं. पद्धत कधी सुरू झाली तेही नेमकं ठरत नाही, साधारण १५०२ च्या सुमारास मलबारात तिची सुरुवात धरतात आणि १५१० ला गोवा हातात आल्यावर ती घट्ट बसली.

कागदावर काय असे ते महत्त्वाचं, कारण पाळत तीच होती. गलबताचं नाव, नाखवा कोण, गलबत केवढं, खलाशी किती, हत्यारं किती, कुठून कुठे जाणार, हे सगळं लिहून द्यावं लागे. मिरी आणि हत्यारं यांसारख्या मालावर बंदी, शत्रूच्या माणसांना घेऊन जायला बंदी, आणि वाटेत पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची. फी किरकोळच होती, खरी कमाई जकातीत, याबद्दल आता फारसा वाद नाही. कागद नसला तर गलबत जप्त. चौल, दाभोळ, राजापूर अशा बंदरांतले व्यापारी मुकाट्याने कागद घ्यायचे, विजापूरकर आणि मोगलसुद्धा घ्यायचे. दाभोळ डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने जाळलं होतं, त्यामुळे नाही म्हटलं तर काय होतं ते किनाऱ्याला चांगलं ठाऊक होतं. रेवदंड्याला गेलात तर त्या काळातला कोट आजही पडक्या अवस्थेत बघायला मिळतो, नारळी-पोफळीच्या वाड्या मध्ये घेऊन उभा आहे.

याचा परिणाम काय झाला? अकबराच्या काळातला इतिहासकार बदायुनी याने लिहिलंय की समुद्रमार्गे मक्केला जायचं तर मरियम आणि येशूची चित्रं असलेला फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागतो, ती मूर्तिपूजाच झाली, म्हणून हज बंधनकारक नाही असं मत दरबारातल्या एका बड्या मौलवीने दिलं होतं. म्हणजे लोकांना तपासणी जितकी खुपली नाही तितका तो शिक्का खुपला.

तरीही व्यापार चालू राहिला. पत खरी गेली ती १६१३ मध्ये. जहांगीरची आई मरियम-उझ-झमानी हिचं ‘रहिमी’ जहाज कार्ताझ असूनही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडलं. जहांगीरने दमणला वेढा घातला, पोर्तुगीजांचा व्यापार थांबवला, जेझुइटांची चर्च बंद करायला लावली आणि सुरतेत पाय रोवायला धडपडणाऱ्या इंग्रजांचं त्यात फावलं. पाळत तर शंभर वर्षं चालू होती, मग याच वेळी एवढा भडका का? काही अभ्यासक राजघराण्याचा अपमान हे कारण देतात, पण प्रस्तुत लेखकाला दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं, ते म्हणजे पोर्तुगीजांनी स्वतःचाच कागद मोडला. आमचा शिक्का असला की तुम्ही सुरक्षित, हेच तर ते विकत होते.

मराठी बाजूचं मत आज्ञापत्रात सापडतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला हा ग्रंथ साधारण १७१५-१६ चा धरतात. त्यात फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच) वगैरे टोपीकर हे साध्या साहुकारांसारखे नाहीत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये असा सल्ला आहे. पण याच सुमारास कान्होजी आंग्रे स्वतःचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला लावत होते, म्हणजे पद्धत तीच, फक्त शिक्का आपला. आमच्या पासवर चालणाऱ्या देशी व्यापाऱ्यांच्या गलबतांना हात लावू नका असं इंग्रजांचं म्हणणं, आणि तुमचा पास फक्त कंपनीच्या मालाला असं आंग्र्यांचं. इंग्रज कागदपत्रांत म्हणून कान्होजी ‘चाचा’ म्हणजे समुद्री लुटारू ठरतात, आपल्याकडे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हल्ला केला, तो फसला. कान्होजी १७२९ ला वारले. दस्तकाच्या वसुलीबद्दल पुढची माहिती विस्कळीत आहे.

आता विसावं शतक. १ मे १९६० ला पेशावरहून उडालेलं अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान सोव्हिएत हद्दीत पाडलं गेलं. अमेरिकेने आधी हवामानाचं विमान भरकटलं असं सांगितलं, मग सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हनी वैमानिक जिवंत असल्याचं दाखवलं आणि पॅरिसची शिखर परिषद मोडली. इथेही विमानापेक्षा थाप जास्त महागात पडली, आणि विमानतळ वापरू देणारा पाकिस्तान विनाकारण धमक्यांचा धनी झाला.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या, अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या जगभरच्या पाळतीबद्दलच्या कागदांनी हा विषय घरोघरी नेला. ब्राझीलच्या अध्यक्ष जिल्मा रुसेफ यांनी वॉशिंग्टनचा सरकारी दौरा पुढे ढकलला, जर्मनीच्या मर्केल यांच्या मोबाईलवर पाळत होती हे बाहेर आल्यावर तिथे संताप झाला, आणि दोन्ही देशांनी मिळून डिजिटल काळातल्या खाजगीपणाचा ठराव डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघात मंजूर करून घेतला. पण आकडे बघितले तर गंमत दिसते. प्यू संस्थेच्या २०१३ आणि २०१४ च्या पाहण्यांत जर्मनीत अमेरिकेबद्दल चांगलं मत असणारे ५३ वरून ५१ टक्क्यांवर आले, ब्राझीलमध्ये ७३ वरून ६५. मात्र अमेरिका आपल्या लोकांच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा मान राखते असं मानणारे जर्मनीत ८१ वरून ५८ आणि ब्राझीलमध्ये ७६ वरून ५१. म्हणजे देश आवडेनासा झाला नाही, पण ज्या गोष्टीची तो सगळ्यात जास्त मिजास मारतो तिथेच त्याची पत घसरली. रहिमीचीच गोष्ट पुन्हा, कागद मोडायची.

पैशाचा फटका कोर्टातून बसला, युरोपीय न्यायालयाने २०१५ आणि २०२० मध्ये डेटा अमेरिकेला पाठवायच्या दोन व्यवस्था लागोपाठ रद्द केल्या.

भारताचं वागणं थोडं वेगळं. याच कागदांनुसार मार्च २०१३ मध्ये अमेरिकेने टिपलेल्या माहितीच्या देशवार यादीत भारत पाचवा होता, साधारण ६३० कोटी नोंदी, तरी तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी विषय हलक्यात घेतला. २०१४ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेला भाजपवर पाळत ठेवायची परवानगी होती असं छापून आल्यावर दिल्लीने निषेध केला, आणि २६ जानेवारी २०१५ ला ओबामाच प्रमुख पाहुणे होते! मुंबईच्या, म्हणजे उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात, आणि अशाच केबल ब्रिटनच्या किनाऱ्यावर टॅप केल्या जात होत्या हेही त्याच कागदांतून कळलं, पण त्याची चर्चा इथे फार झाली नाही.

चीनबद्दल अभ्यास अजून तोकडा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये युआन वांग ५ हे उपग्रहांचा माग ठेवणारं चिनी जहाज श्रीलंकेतल्या हंबनटोटाला लागलं तेव्हा भारतात नाराजी होती, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या आकाशात चिनी फुगा दिसल्यावर तिच्या परराष्ट्रमंत्र्यांचा बीजिंग दौरा लांबला. आपल्या किनाऱ्यावर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मच्छिमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, होड्यांना ठरलेले रंग आले. ती पाळत घरचीच, म्हणून या नोंदीच्या बाहेर.