कॅल्किन्स, मेरी व्हिटन

(३० मार्च १८६३–फेब्रुवारी १९३०). अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ. जन्म कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड येथे. वडील वॉल्कट कॅल्किन्स धर्मोपदेशक होते. पाच भावंडांत मेरी थोरल्या. १८८० मध्ये कुटुंब मॅसॅचूसेट्समधील न्यूटन येथे स्थायिक झाले. स्मिथ महाविद्यालयातून अभिजात भाषा व तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि १८८७ मध्ये वेलस्ली या महिला महाविद्यालयात ग्रीक शिकवू लागल्या. पुढील सारी नोकरी त्यांनी तेथेच केली.

त्या मानसशास्त्राकडे वळल्या त्या महाविद्यालयाच्या गरजेमुळे. नवे प्रयोगनिष्ठ मानसशास्त्र शिकवू शकेल अशी स्त्री मिळत नव्हती. कॅल्किन्स यांना ते काम देऊ करण्यात आले, मात्र आधी वर्षभर त्या विषयाचे शिक्षण घेण्याची अट होती. हार्वर्ड विद्यापीठ स्त्रियांना प्रवेश देत नसे. वडिलांनी अर्ज केला, तेथील प्राध्यापक विल्यम जेम्स व जोसाया रॉइस यांनी पाठपुरावा केला, तेव्हा ऑक्टोबर १८९० मध्ये केवळ वर्गात बसण्याची परवानगी मिळाली. विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही, हेही सोबत स्पष्ट करण्यात आले. जेम्स यांच्या चर्चावर्गातील इतर विद्यार्थी लवकरच गळाले आणि जेम्स यांचा नुकताच छापून आलेला ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा ग्रंथ त्यांनी खुद्द लेखकापाशी बसून अभ्यासला. क्लार्क विद्यापीठातील एडमंड सॅनफर्ड यांच्याकडे त्या प्रयोगतंत्र शिकल्या. दोघांनी काही आठवडे गजर लावून रात्री उठून आपापली स्वप्ने जागच्या जागी टिपली. अशा ३७५ स्वप्नांवरील त्यांचा लेख १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रॉइड यांनी स्वप्नांवरील आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. १८९१ मध्ये वेलस्लीत त्यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. अमेरिकेतील महिला महाविद्यालयात अशी ही पहिलीच.

पुढे हार्वर्डमध्येच ह्यूगो म्यून्स्टरबेर्ख यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी साहचर्यावर, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरी आठवण्यावर, संशोधन केले. २८ मे १८९५ रोजी जेम्स, रॉइस, म्यून्स्टरबेर्ख आदी प्राध्यापकांनी त्यांची डॉक्टरेटची परीक्षा अनधिकृतपणे घेतली आणि त्या पदवीस सर्वस्वी पात्र असल्याचे कळवले. विद्यापीठाने पदवी दिली नाही. १९०२ मध्ये रॅडक्लिफ या संलग्न महिला महाविद्यालयाची डॉक्टरेट देऊ करण्यात आली, ती त्यांनी नाकारली : काम हार्वर्डमध्ये केलेले असताना पदवी दुसरीकडची का घ्यावी, अशी त्यांची भूमिका होती. १९२७ मध्ये हार्वर्डच्याच काही माजी विद्यार्थ्यांनी पुन्हा विनंती केली; तीही फेटाळली गेली.

त्यांच्या नावाशी जोडली जाणारी युग्म-साहचर्य पद्धती याच संशोधनाच्या प्रबंधातील आहे. प्रयोगात एक रंग व लगेच एक अंक अशा जोड्या क्रमाने दाखवल्या जात. नंतर तेच रंग निराळ्या क्रमाने दाखवून आठवेल तो अंक लिहायला सांगत. एकाच रंगाला दोन अंक जोडलेले असत : एक साधा, तर दुसरा अधिक वेळा आलेला, सर्वांत शेवटी आलेला, आरंभीचा अथवा ठळक. वारंवारता, अलीकडेपणा, प्राथम्य आणि ठळकपणा यांतील प्रबळ कारक कोणता हा प्रश्न होता आणि वारंवारता सर्वांत प्रबळ ठरली. हे निष्कर्ष १८९४ ते १८९६ या काळात प्रसिद्ध झाले.

या पद्धतीचे जनकत्व मात्र वादग्रस्त आहे. जर्मनीतील गॉटिंगेन येथील मानसशास्त्रज्ञ गेओर्ग एलियास म्यूलर यांच्याकडे ते देण्याचा प्रघात बराच काळ होता. त्यांच्या प्रयोगशाळेतील आडोल्फ योस्ट यांचा लेख १८९७ चा, तर म्यूलर व पिल्त्सेकर यांचा प्रबंध १९०० चा. म्हणजे छापील क्रमाने अग्रमान कॅल्किन्स यांचाच. मात्र जर्मन संशोधकांनी निरर्थक शब्दावयव (अर्थ नसलेली अक्षरजुळणी) वापरले, उत्तराला लागणारा वेळही मोजला आणि स्मृती हाच विषय मानला. कॅल्किन्स यांना शोध होता साहचर्याचा. स्मृतिमापनाचे साधन घडवणे हा त्यांचा हेतू नव्हता. यावरून काही इतिहासकार त्यांना जनकत्व देण्यास कचरतात. तथापि साधनाची रचना त्यांचीच, परिष्करण गॉटिंगेनचे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अल्पकालीन स्मृतीविषयी पुढे नव्याने सापडलेल्या काही गोष्टी त्यांच्या निष्कर्षांत आधीच होत्या, हे मॅडिगन व ओहारा यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले.

खुद्द कॅल्किन्स यांना महत्त्व वाटे ते १९०० पासून मांडलेल्या ‘स्व-मानसशास्त्रा’चे. अनुभव म्हटला की तो कोणाचा तरी असतो; म्हणून मानसशास्त्राचा मूळ विषय सुट्या संवेदना नसून सभोवतालाशी व इतर व्यक्तींशी नाते असलेला ‘स्व’ होय, हे त्याचे सूत्र. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा म्हणून १९०५ मध्ये केलेल्या भाषणात संरचनावाद (मनाचे घटक शोधणारा) व कार्यवाद (मनाचे कार्य पाहणारा) या विचारप्रवाहांचा मेळ त्यांनी याच सूत्रावर घातला. केवळ दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास मानणाऱ्या वर्तनवादाच्या भरात हा विचार मागे पडला. प्रयोगशाळा एलिनर गॅम्बल यांच्याकडे सोपवल्यानंतर त्यांचा ओढा तत्त्वज्ञानाकडे वाढला होता. अमेरिकन तत्त्वज्ञान संघटनेचेही अध्यक्षपद १९१८ मध्ये त्यांना मिळाले, आणि तेथेही त्या पहिल्या स्त्री होत्या.

कोलंबिया (१९०९) व स्मिथ (१९१०) यांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या व पुढच्याच वर्षी न्यूटन येथे कर्करोगाने निधन पावल्या. त्याच वर्षी त्यांचे छोटे आत्मकथन प्रकाशित झाले. त्याचा बराच भाग ‘स्व’च्या प्रतिपादनाला दिलेला आहे.