कॅप्टन अमेरिका अव्हेंजर्सच्या स्थापनेला हजर नव्हता!

मार्व्हल कॉमिक्समधल्या अव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या संघाची पहिली फळी म्हणजे कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन, थॉर, हल्क, ब्लॅक विडो आणि हॉकआय, असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. ती फळी २०१२ च्या सिनेमातली.

कॉमिक्सच्या सप्टेंबर १९६३ च्या पहिल्या अंकात होते आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन आणि वास्प. संघाचं नावही वास्पनंच सुचवलं. (आणि त्या सिनेमात तिलाच जागा नाही!) कॅप्टन चौथ्या अंकात, मार्च १९६४ मध्ये, बर्फात गोठलेला सापडला, तोवर हल्क रुसून निघूनही गेला होता. हॉकआय तर आधी आयर्न मॅनचा शत्रू. तो १९६५ मध्ये, सोळाव्या अंकात आला. त्याच अंकात उरलेले संस्थापक बाहेर पडले आणि कॅप्टनच्या हाताखाली राहिले हॉकआय, क्विकसिल्व्हर, स्कार्लेट विच: तिघेही पूर्वाश्रमीचे खलनायक.

मग सिनेमावाले खोटे? तसंही नाही. गुप्तहेर संघटनेचा प्रमुख निक फ्युरी यानं सरकारी छत्राखाली कॅप्टनसकट जमवलेला संघ २००२ च्या ‘अल्टिमेट्स’ कॉमिक्समध्ये, मार्व्हलच्याच एका वेगळ्या कथाविश्वात, होताच. सिनेमानं तिथून बरंच उचललं. शिवाय मूळ कॉमिक्समध्येही पुढे मार्व्हलनं कॅप्टनला संस्थापकाचा मान देऊन टाकला.